कल्याणची लेक : डॉ. आनंदीबाई जोशी

आपल्या कल्याणच्या कुटुंबात ३१ मार्च १८६५ रोजी यमुना जन्मली. नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न होऊन ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, पण योग्य उपचार न मिळाल्याने दहा दिवसांतच गेला. एवढ्याशा पोरीवर आभाळच कोसळलं! तरी आनंदीबाई रडत बसल्या नाहीत. बायकांना बाई डॉक्टर हवी, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. लोकांची बोलणी सोसून १८८३ साली त्या पतीशिवाय अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही झाली होती. पण क्षयाने गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस पुरी होण्याआधीच, पुण्यात त्यांचं निधन झालं. आम्हांला वाटतं, आयुष्य थोडं मिळालं तरी दुःखातून उठून त्यांनी वाट काढली, हे मोठं. घरातल्या खचलेल्या लेकीसुनांना आपण ही गोष्ट जरूर सांगावी.