कित्ता कोणाचा गिरवावा? – विजय हजारे यांचे जीवन

आपला आदर्श कोण, असा प्रश्न नागरवाड्यातील मुलांना विचारला, तर एखाद्या क्रिकेटपटूचे किंवा सिनेनटाचे नाव चटकन पुढे येते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना याची काळजी वाटते आणि ती रास्त आहे. परंतु मुलांना नुसते रागे भरून भागत नाही. याच बडोदे शहरात एक थोर खेळाडू राहून गेले. ते मराठी ख्रिस्ती घरातले होते. त्यांचे चरित्र मुलांना सांगावे व त्यातून काय घ्यावे हे त्यांना शिकवावे, हे बरे.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. वडील शाळामास्तर आणि घरात आठ मुले. म्हणजे श्रीमंती नव्हती, शिस्त होती. ऑस्ट्रेलियाचे नामांकित गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. पुढे गायकवाड सरकारांनी त्यांना पदरी घेतले आणि बडोदे हेच त्यांचे घर झाले.

त्या काळी मुंबईत धर्मावार संघांची पंचरंगी स्पर्धा होत असे. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन यांचे आपापले संघ होते. ख्रिस्ती खेळाडूंना जागा मिळे ती ‘इतर’ या संघात. डिसेंबर १९४३ मधील अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५८१ धावा केल्या. ‘इतर’ संघाचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! तरीही संघ एक डाव व ६१ धावांनी हरला.

या सामन्यातील आणखी एक गोष्ट शिक्षकांनी आवर्जून सांगावी. हजाऱ्यांनी आपले बंधू विवेक यांच्यासह ३०० धावांची भागी केली. तीत विवेक यांच्या धावा होत्या अवघ्या २१. पण ते एका बाजूस खिळून उभे राहिले, म्हणून दुसऱ्या बाजूस विक्रम घडला. आपल्या वर्गात एखादाच विजय निघेल, विवेक मात्र पुष्कळ निघतील. त्यांनाही शाबासकी मिळाली पाहिजे.

मार्च १९४७ मध्ये देशात धर्मावरून रक्त सांडत होते. त्याच महिन्यात बडोद्यात रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी रचली. एक ख्रिस्ती, एक मुसलमान आणि संघ एकच, बडोद्याचा! कोणत्याही गड्यासाठी झालेल्या भागीचा हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत अबाधित राहिला.

जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे ब्रॅडमन यांच्या बलाढ्य संघाविरुद्ध त्यांनी ११६ व १४५ धावा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढणारे ते पहिले भारतीय. तोही सामना भारत हरला. भारताने पहिली कसोटी १९३२ साली खेळली होती. पहिला विजय मिळाला तो फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध, आणि कर्णधार होते हजारे.

त्याच वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांचा संघ सपाटून हरला. लीड्स येथे दुसऱ्या डावात एकही धाव होण्यापूर्वी चार गडी बाद झाले होते. तशा वेळी कर्णधार मैदानात उतरले व त्यांनी ५६ धावा केल्या. स्वभावाने ते अबोल व संकोची. कर्णधारपदाचा भार त्यांच्या फलंदाजीस जड गेला, असे जाणकारांचे मत होते. थोर माणसालाही सर्वच दाने मिळत नाहीत.

३० कसोटी सामन्यांत त्यांनी २१९२ धावा केल्या. १९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आज देशातील एकदिवसीय स्पर्धेचा करंडक त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आता प्रश्न असा की मुलांनी खेळाडूंचा कित्ता गिरवावा काय? पौलाने करिंथकरांस लिहिताना धावपटूचे उदाहरण घेतले, ते त्याच्या बक्षिसासाठी नव्हे, तर त्याच्या संयमासाठी. हजाऱ्यांच्या धावा मुलांना करता येणार नाहीत. परंतु हरत असतानाही आपले काम न सोडणे, परधर्मीयाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहणे आणि कीर्ती आली तरी गवगवा न करणे, हे कोणत्याही मुलाला साधेल.

ते आपल्यातले होते म्हणून आपल्याला अभिमान वाटतो, तो स्वाभाविक आहे. पण त्या अभिमानाची मूर्ती होऊ देऊ नये. चांगला खेळाडू वाटेवरच्या मैलाच्या दगडासारखा असतो. तो पाहून पाऊल नेटाने पडते. पण कोणी त्याच्यापाशीच मुक्काम करीत नाही. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात आपल्याला धाव धावण्यास सांगितले आहे, आणि दृष्टी कोणाकडे लावावी तेही सांगितले आहे. शिक्षकांनी हजाऱ्यांची गोष्ट सांगून झाल्यावर तो अध्याय मुलांकडून वाचून घ्यावा. प्रभू येशूच्या पावलांशी जे जुळते, ते प्रत्येक माणसातून घ्यावे. जे जुळत नाही, ते कितीही चमकत असले तरी सोडून द्यावे. ही पारख मुलांना लहानपणीच आली, तर भिंतीवरच्या चित्रांची आपल्याला फारशी भीती उरणार नाही.