नगरांचा वैद्य : सर पॅट्रिक गेडिस

गाव वाढू लागले की पहिला घाव त्याच्या जुन्या अंगावर बसतो. रस्ता रुंद करायचा म्हणून वाडा जातो, वसाहत उभारायची म्हणून तळे बुजते, वाहने लावायची म्हणून वडाचा पार नाहीसा होतो. वाढ थांबवावी असे कोणी म्हणत नाही, कारण माणसांना घरे, पाणी, दवाखाने आणि रोजगार हवेच असतात. पण वाढीच्या पायी जे गेले ते परत आणता येत नाही, हेही कालांतराने सर्वांना उमगते. विकास आणि वारसा यांतील या ओढाताणीवर आयुष्यभर चिंतन करणारा आणि त्याचे उत्तर पुस्तकात न शोधता गल्लीबोळांतून पायी फिरून शोधणारा एक माणूस शंभर वर्षांपूर्वी भारतात वावरत होता. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या या प्राध्यापकाचे नाव पॅट्रिक गेडिस. इंदूर, बडोदे, तंजावर, मुंबई अशा मराठी माणसांना आपल्या वाटणाऱ्या अनेक शहरांशी त्यांचे नाते जडले.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या लहानशा गावी झाला. वडील सैन्यात होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब पर्थ शहरालगतच्या टेकडीवर राहू लागले. घराभोवती बाग होती. वडिलांच्या मागे मागे फिरत हा मुलगा बटाटे लावायला, रोपे ओळखायला आणि ऋतूंची चाल वाचायला शिकला. टेकडीवरून खाली पाहिले की नदी, तिच्या काठचे शहर, पलीकडची शेते आणि दूरचे डोंगर एका दृष्टिक्षेपात दिसत. नगर ही सुटी वस्तू नसून नदी, शेते आणि डोंगर यांच्याशी बांधलेला तो एक जीव आहे, या त्यांच्या पुढील विचाराचे बीज तेथेच पडले असावे.

वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी काही काळ बँकेत उमेदवारी केली. पण मन रमले नाही. मग ते लंडनला गेले आणि थॉमस हक्सली या विख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले. १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी काही आठवडे गेली. सूक्ष्मदर्शकावर ज्याचे भवितव्य उभे राहायचे, त्या पंचविशीतील तरुणासाठी हा आघात मोठा होता. अंधाऱ्या खोलीत पडल्या पडल्या ते खिडकीच्या तावदानांची चौकट हातांनी चाचपत आणि मनातील विचार त्या चौकटींत मांडत. दृष्टी परत आली. पण डोळे पूर्वीइतके भक्कम राहिले नाहीत. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींकडून त्यांचे लक्ष हळूहळू माणसांच्या वस्तीकडे वळले. स्थळ, काम आणि लोक या तिन्हींचा एकत्र विचार केल्याशिवाय कोणतेही गाव कळत नाही, हे त्यांचे सूत्र ठरले.

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लगेच पुढच्या वर्षी या दांपत्याने सर्वांना चकित करणारा निर्णय घेतला. एडिंबरो शहराचा नवा भाग प्रशस्त आणि प्रतिष्ठित, तर जुना भाग दाटीवाटीचा, गलिच्छ आणि रोगराईने ग्रासलेला होता. सुखवस्तू लोक जुना भाग सोडून नव्या भागात जात असताना गेडिस पतिपत्नी नव्यातून जुन्यात राहायला गेले. जेम्स कोर्ट नावाच्या त्या जुनाट चाळवजा इमारतीत त्यांनी घर केले. भिंतींना चुना लावला, कचरा उपसला, खिडक्यांत फुलझाडे ठेवली. हळूहळू शेजारीही हाताला हात लावू लागले. जी घरे सावरण्याजोगी होती ती दुरुस्त झाली. जी अगदीच मोडकळीस आली होती तेवढीच पाडून तेथे उजेड आणि हवा यांना वाट करून दिली गेली. विद्यार्थ्यांसाठी स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी वसतिगृहे तेथे सुरू झाली.

१८९२ मध्ये त्यांनी तेथील एक जुना मनोरा घेऊन त्याचे आगळे संग्रहालय केले. त्यात वरून खाली उतरत यायचे. सर्वांत वर शहराचे जिवंत दृश्य, मग एकेका मजल्यावर आपले शहर, आपला देश, युरोप आणि शेवटी अवघे जग. आपल्या गावापासून जगापर्यंत जाण्याचा हा धडा होता. पुढे याच मनोऱ्यातील मंडळींनी जुन्या शहरातील पडीक जागांची मोजणी केली. जेथे इंचभरही मोकळी जागा नाही असे सर्वांना वाटे, तेथे सुमारे पाऊणशे तुकडे सापडले आणि त्यांची बेरीज सुमारे १० एकर भरली. त्यांतील काहींवर मुलांसाठी बागा उभ्या राहिल्या. या कामात त्यांची कन्या नोरा हिचा मोठा वाटा होता. मोकळी जागा नाही, असे म्हणण्याआधी ती शोधावी लागते, हा या मोजणीचा धडा होता.

यशाबरोबर अपयशही त्यांच्या वाट्याला भरपूर आले. डनफर्मलिन या गावासाठी १९०४ मध्ये त्यांनी मोठ्या कष्टाने आराखडा केला. त्यात ओढा स्वच्छ करण्यापासून जुन्या वास्तू जपण्यापर्यंत सर्व काही होते. तो स्वीकारला गेला नाही. जुन्या इमारती विकत घेताना कर्जाचा डोंगर झाला. त्यांचे हस्ताक्षर दुर्बोध, बोलणे धबधब्यासारखे, एका विषयातून दुसऱ्यात शिरण्याची सवय. त्यामुळे ऐकणारे भारावून जात, पण हिशेब मागणारे वैतागत.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये साठीच्या उंबरठ्यावर ते भारतात आले. जगभरातील नगरांचे नकाशे, चित्रे आणि तक्ते यांचे त्यांचे प्रदर्शन मागाहून बोटीने येत होते. महायुद्ध सुरू झाले होते. ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने ती बोट बुडवली आणि वर्षानुवर्षांचा संग्रह समुद्राच्या तळाशी गेला. दुसरा कोणी असता तर परत फिरला असता. मित्रांच्या मदतीने नवी सामग्री जमवून गेडिस यांनी १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरवलेच. त्यानंतर नगरपालिका आणि संस्थाने यांच्या बोलावण्यावरून ते शहरामागून शहर पाहत गेले.

त्या काळी भारतात नगरसुधारणेची एक ठरीव पद्धत रूढ होती. १८९६ च्या प्लेगने सगळे हादरले होते. दाट वस्ती म्हणजे रोग, म्हणून नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषा आखायची आणि वाटेत येईल ते जमीनदोस्त करायचे, असा खाक्या होता. ज्यांची घरे जात, ती माणसे शेजारच्या वस्तीत शिरत आणि तेथील दाटी आणखी वाढे. एका ठिकाणचा रोग दुसरीकडे सरके, इतकेच. गेडिस यांनी याला ठाम विरोध केला. कुशल वैद्य आजारी अवयव आधी तपासतो, कापायचे तर नेमके तेवढेच कापतो आणि निरोगी भाग जपतो. नगराचेही तसेच व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. आधी पाहणी, मग निदान आणि शेवटी उपचार, हा त्यांचा क्रम. मराठी राजवटीचा ठसा मिरवणाऱ्या तंजावरच्या किल्ल्यातील वस्तीत त्यांनी हे प्रत्यक्ष दाखवून दिले. नियोजित सरळ रस्त्यांऐवजी जुन्या गल्ल्या तशाच ठेवायच्या, पडकी घरे तेवढी काढायची, त्या रिकाम्या जागी लहान चौक करून झाडे लावायची. घरे वाचत होती, माणसे विस्थापित होत नव्हती आणि खर्चही कमी येत होता.

हे काम कचेरीत बसून होणारे नव्हते. गेडिस पहाटेपासून गल्ल्या पायी तुडवत. घराची पडवी, विहिरीचा काठ, देवळासमोरचे अंगण, पिंपळाखालची बैठक यांत त्यांना गावाचे प्राण दिसत. हिवतापाच्या भीतीने तळी बुजवण्याची तेव्हा घाई असे. तळी पावसाचे पाणी सामावून घेतात, हवा थंड राखतात आणि मासे पाळले तर डासांच्या अळ्यांचाही बंदोबस्त होतो, हे त्यांनी निदर्शनास आणले. अंगणातील तुळशीवृंदावनाचे त्यांना विशेष कौतुक होते. जेथे तुळस जोपासली जाते, तेथे घर स्वच्छ ठेवणारी गृहिणी आहे आणि नगरसुधारणेचा आरंभ तिच्यापासूनच होतो, असे त्यांना वाटे.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी काळरात्र ठरले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलस्डेर फ्रान्समध्ये रणांगणावर मारला गेला. त्या वेळी ॲनाबाई भारतातच विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या होत्या. पत्नीला धक्का सोसणार नाही म्हणून गेडिस यांनी ती वार्ता तिच्यापासून लपवली आणि मुलाची जुनी पत्रे नवी म्हणून वाचून दाखवली. मुलगा गेल्याचे न कळताच जूनमध्ये कलकत्त्यात ॲनाबाईंनी डोळे मिटले. जेम्स कोर्टच्या भिंतींना चुना लावण्यापासून जिने साथ केली, ती गेली होती. गेडिस पुन्हा कामाला लागले.

त्याच सुमारास इंदूर संस्थानाने त्यांना पाचारण केले. प्लेगने शहर पोळले होते आणि नकाशे घेऊन हिंडणाऱ्या या म्हाताऱ्या साहेबाकडे लोक संशयाने पाहत. हा आला म्हणजे घरे पाडणार, अशी धास्ती होती. गेडिस यांनी एका दिवसापुरती महाराजांची सत्ता मागून घेतली आणि दिवाळीत एक अभिनव मिरवणूक योजली. मिरवणुकीचा मार्ग परंपरेने ठरणार नव्हता. ज्या रस्त्यांवरील घरे सर्वांत स्वच्छ आणि नीटनेटकी असतील, तेथून ती जाणार होती. कचरा फुकट उचलण्याची सोय झाली आणि अवघे शहर केर उपसू लागले. घरांना रंग लागले, दारांत झाडे आली, उंदीर पकडले गेले. ठरल्या दिवशी हत्ती, घोडे, पिकांनी भरलेल्या गाड्या निघाल्या. रोगराईचा राक्षस आणि प्लेगचा अजस्र उंदीर यांची सोंगे निघाली. त्यांच्यामागून पांढऱ्याशुभ्र वेषात, नव्या झाडूंसह, हार घातलेले सफाई कामगार मानाने चालत आले. ज्यांची सावलीही टाळली जाई, त्यांना त्या दिवशी नगराने वाट करून दिली. मागून गवंडी, सुतार, कुंभार आणि घरोघरी वाटण्यासाठी तुळशीची रोपे. शेवटी मैदानात राक्षसाचे दहन झाले. शहराचा विश्वास त्या दिवशी परत आला.

१९१८ मध्ये इंदूरविषयीचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. गेडिस वाढीचे शत्रू नव्हते. कापड गिरण्यांचे हे शहर फुगणारच, हे ओळखून नव्या वसाहतींची, ग्रंथालय, संग्रहालय आणि विद्यापीठाची कल्पना त्यांनी मांडली. मात्र जुन्या पेठा उद्ध्वस्त न करता हलक्या हाताने मोकळ्या कराव्यात, नद्या स्वच्छ करून त्यांचे काठ उद्यानांनी जोडावेत, असे सुचवले. नदीकडे शहराने पाठ फिरवू नये, ही त्यांची कळकळ होती.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि गेडिस तेथील पहिले प्राध्यापक झाले. मालवणहून आलेले गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचेच विद्यार्थी. पुढे त्यांनी हा विभाग सांभाळून भारतीय समाजशास्त्राचा पाया घातला. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र गेडिस यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केले. रवींद्रनाथ ठाकुरांशी त्यांचा स्नेह जुळला. प्रकृती साथ देईना म्हणून १९२४ मध्ये त्यांनी भारत सोडला. फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक निवासी संस्था काढली, १९२५ मध्ये तेल अवीव या नव्या शहराचा आराखडा केला. १९३२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचे अनेक भारतीय अहवाल कपाटांत धूळ खात पडले. ज्या सूचना अमलात आल्या त्या थोड्या, राहून गेल्या त्या पुष्कळ. तरीही एडिंबरोची जी जुनी वस्ती सोडून लोक पळत होते, ती १९९५ मध्ये नव्या शहरासह जागतिक वारसा यादीत गेली. राखलेल्या जुन्याची किंमत कळायला कधी कधी शंभर वर्षे लागतात. मोडायला मात्र एक दिवस पुरतो.

आपल्या गावात रस्ता रुंद होईल, मजल्यांवर मजले चढतील, ते व्हावेच. पण त्याआधी कोणीतरी ती गल्ली पायी चालून पाहिली आहे का, तेथील विहीर, पार, मैदान आणि माणसे मोजली आहेत का, एवढे विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. मुलांना घेऊन एका सकाळी आपल्याच गावातून हिंडावे, मोकळ्या जागांची यादी करावी, जुन्या वास्तूंची नावे विचारावीत. गेडिस यांच्या शाळेतला पहिला पाठ तोच होता आणि त्याला अजून शुल्क लागत नाही.