मॅरेथॉनवीर जिम पीटर्स



१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरच्या शर्यतीत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेक यांनी जिम पीटर्स या इंग्रज धावपटूला पूर्ण एक फेरी मागे टाकले. घरच्या प्रेक्षकांसमोर झालेली ही फजिती पीटर्स यांच्या जिव्हारी लागली. वय एकोणतीस, चष्मे करून देण्याचा व्यवसाय. धावणे आता पुरे, असेच त्यांना वाटत होते. पण प्रशिक्षक जॉनी जॉन्स्टन यांनी त्यांना मॅरेथॉनकडे वळवले.

दिवसभर काम आणि उरलेल्या वेळात धावणे, तेही सावकाश नव्हे! १९५२ ते १९५४ या काळात पीटर्स यांनी मॅरेथॉनचा जागतिक उच्चांक चार वेळा मोडला. २ तास २५ मिनिटे ३९ सेकंदांची वेळ त्यांनी २ तास १७ मिनिटे ३९ सेकंदांवर आणली. म्हणजे बरोबर आठ मिनिटे कमी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र पेटके येऊन त्यांना शर्यत सोडावी लागली. तिथे जिंकले पुन्हा झाटोपेकच, आणि ती त्यांची पहिलीच मॅरेथॉन होती!

मग आला ७ ऑगस्ट १९५४. कॅनडातील व्हँकुव्हर येथे राष्ट्रकुल स्पर्धा चालू होत्या. ऊन कडक होते. सोळा धावपटूंपैकी सहाच जण शेवटपर्यंत पोहोचले. पीटर्स यांचा सहकारी स्टॅन कॉक्स भोवळ येऊन खांबावर आदळला. पीटर्स स्टेडियममध्ये शिरले तेव्हा दुसरा धावपटू सुमारे सतरा मिनिटे मागे होता. फक्त शेवटचा तुकडा उरला होता. पण पाय ऐकेनात. ते पडत, उठत, झोकांड्या खात, रांगत पुढे सरकत. सुमारे दोनशे यार्डांना त्यांना अकरा मिनिटे लागली. प्रेक्षकांना ते पाहवेना. एक रेषा ओलांडताच संघाच्या मालिशवाल्याने त्यांना सावरून धरले. ती रेषा इतर शर्यतींची होती. मॅरेथॉनची रेषा मैदानाच्या पलीकडच्या बाजूला! आधार मिळाल्याने पीटर्स बाद ठरले.

जिंकले स्कॉटलंडचे जो मॅकगी. त्यांचे नाव आज कितीजणांना ठाऊक आहे? खरे तर त्याच उन्हात, अंगातली ताकद जपून, ते योग्य रेषेपर्यंत धावले होते.

पीटर्स इस्पितळात मरणाच्या दारातून परतले. त्यानंतर ते कधीच शर्यतीत उतरले नाहीत. प्रिन्स फिलिप यांनी त्यांच्या धैर्याबद्दल त्यांना खास पदक दिले. पीटर्स यांनी आपला चष्म्यांचा व्यवसाय पुढे चालू ठेवला. १९९९ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.