चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराज : अढळ श्रद्धेचा दीपस्तंभ

लातूर-नांदेड परिसरातील श्रावकांना कुंथलगिरी परके नाही. धाराशिव जिल्ह्यातील या सिद्धक्षेत्री कुलभूषण-देशभूषण मुनींना वंदन करणारा प्रत्येक यात्रेकरू आचार्य शांतिसागर महाराजांच्या समाधिस्थळीही नतमस्तक होतो.

महाराजांचा जन्म १८७२ साली येळगूळ या आजोळगावी झाला. भोज येथील भीमगौडा पाटील व सत्यवती यांचे हे सुपुत्र. नाव सातगौडा. नवव्या वर्षी विवाह झाला. काही महिन्यांतच वधू निवर्तली. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. मन वैराग्याकडे ओढ घेत असूनही मातापित्यांच्या इच्छेखातर ते त्यांच्या अखेरीपर्यंत घरीच राहिले. चाळिशी उलटल्यावर क्षुल्लकदीक्षा आणि १९२० मध्ये यरनाळ येथे देवेंद्रकीर्ती महाराजांकडून मुनिदीक्षा घेतली.

त्या काळी दिगंबर मुनिचर्या क्षीण झाली होती. मुनींचा आहार आधीच ठरलेल्या घरी होण्याची प्रथा पडली होती. महाराजांनी ती नाकारून शास्त्रोक्त चर्या स्वीकारली. परंतु पडगाहनाचा विधी श्रावकांनाच अवगत नव्हता. त्यामुळे अनेकदा आहाराविना परतावे लागे व उपवास घडे. उद्या आहार मिळेल याची शाश्वती नसताही त्यांनी नियम शिथिल केला नाही. हळूहळू श्रावकच विधी शिकले. १९२४ मध्ये समडोळी येथे त्यांना आचार्यपद प्राप्त झाले. पुढे त्यांच्या संघाने दक्षिणेतून उत्तरेत सम्मेदशिखरजीपर्यंत पायी विहार केला.

सर्वांत कठीण कसोटी वृद्धापकाळी आली. दृष्टी मंदावली. पुढची जमीन पाहून पाऊल टाकणे आणि आहार शोधून घेणे, या दोहोंवर मुनीची अहिंसा उभी असते. नेत्रच साथ देईनात, तेव्हा व्रताला मुरड घालावी की देहाचा मोह सोडावा, हा प्रश्न उभा राहिला. महाराजांनी १४ ऑगस्ट १९५५ रोजी कुंथलगिरी येथे सल्लेखना स्वीकारली. आचार्यपद शिष्य वीरसागर महाराजांकडे सोपविले. सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबरला, क्षीण देहाने त्यांनी मराठीतून अखेरचा उपदेश केला. भय सोडून संयम धारण करावा व नित्य आत्मचिंतन करावे, हे त्याचे सार होते. तो उपदेश ध्वनिमुद्रित झाला. १८ सप्टेंबर रोजी, छत्तिसाव्या दिवशी, त्यांनी समाधिपूर्वक देहत्याग केला.

रोग, वियोग, आर्थिक अडचणी यांनी आपली श्रद्धाही डळमळते. अशा वेळी घेतलेला लहानसा नियमही निष्ठेने पाळावा, हीच महाराजांना खरी विनयांजली ठरेल.

त्यांच्या पावन चरणी त्रिवार नमोस्तु!