शेठ वालचंद आणि त्यांचा मोटार-कारखाना

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या ‘पद्मिनी’ टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्याचा अखेरचा निरोप घेतला, तेव्हा वृत्तपत्रांतून तिच्याविषयी बरेच हळवे लेखन प्रसिद्ध झाले. मी जे वाचले त्यात सोलापूरचे नाव मात्र आढळले नाही. वास्तविक ही गाडी ज्या कारखान्यात तयार होत असे, त्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद हे आपल्याच गावचे. त्यांच्या नावाच्या महाविद्यालयावरून आपण नेहमी जातो-येतो. पण ते कोण, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांची गाडी ‘मोठे उद्योगपती’ या दोन शब्दांपाशीच थांबते.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, दोशी घराण्यात झाला. हे दिगंबर जैन कुटुंब मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापाराच्या निमित्ताने इकडे आले आणि इथलेच झाले. वडील हिराचंद नेमचंद पेढी चालवीत, पण त्यांचा ओढा समाजसुधारणेकडेही होता. ‘जैन बोधक’ हे मासिक त्यांनीच सुरू केले. आई वालचंदांच्या जन्मानंतर लवकरच गेली. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण सोलापुरात झाले. पुढे मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन ही दोन कॉलेजे पाहूनही पदवी न घेताच ते घरी परतले. (ज्यांना पदवी नव्हती त्यांच्या नावाची महाविद्यालये निघावीत, हा विचार परीक्षेच्या दिवसांत मनाला बराच धीर देतो!)

पेढीच्या गादीवर त्यांचे मन रमेना. अशा वेळी लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेतील कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरलेले गृहस्थ त्यांना भेटले. भांडवल वालचंदांचे आणि अनुभव फाटकांचा, अशी भागीदारी ठरली. पहिले काम आपल्या शेजारचेच होते : बार्शी लाईट रेल्वेचा येडशी ते तडवळे हा तुकडा. अडीच फूट रुंदीचा तो मार्ग आता राहिलेला नाही, पण वालचंदांच्या उद्योगाची पायाभरणी त्या मातीकामात झाली. नंतर बोरघाटातील बोगदे आले, तानसा तलावाचे पाणी मुंबईला आणणारी नळयोजना आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारी बांधकामांनीही त्यांना हात दिला. ब्रिटिशांच्या कामावर पैसा मिळवायचा आणि तोच पैसा ब्रिटिश कंपन्यांशी टक्कर देण्यात घालायचा, ही त्यांची रीत दिसते. युद्ध संपताच त्यांनी नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

आता मोटारीकडे वळू. मुंबईत १९२८ पासून जनरल मोटर्सच्या कारखान्यात मोटारी तयार होत होत्या. पण तयार होत म्हणजे काय? सुटे भाग पेट्यांत बंद होऊन परदेशातून येत आणि इथले कामगार ते जोडत. गाडी जोडणे आणि गाडी घडविणे यांतील अंतर वालचंदांना डाचत होते. सर विश्वेश्वरय्या यांनी १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून देशी मोटार-कारखान्याची योजना आखली. ती प्रत्यक्षात आणण्याची धुरा वालचंदांनी उचलली. मुंबईचे खेर मंत्रिमंडळ या योजनेला अनुकूल होते. पण १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि त्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. वालचंदांनी मात्र अमेरिका गाठली. फोर्डशी जमले नाही, क्रायस्लरशी जमले. १९४० मध्ये करार झाला.

याच सुमारास जर्मनीत काय चालले होते, तेही पाहण्याजोगे आहे. फॉक्सवॅगनच्या, म्हणजे ‘लोकांच्या मोटारी’च्या कारखान्याची कोनशिला १९३८ मध्ये खुद्द हिटलरने बसविली. तीन लाखांहून अधिक लोकांनी दर आठवड्याला पाच मार्कांची तिकिटे चिकटवून गाडीसाठी पैसे साठविले. गाडी एकालाही मिळाली नाही. युद्ध सुरू होताच कारखाना लष्करी वाहनांना जुंपला गेला आणि त्यात वेठीला धरलेल्या हजारो परदेशी मजुरांचा व कैद्यांचा घाम आणि प्राण गेले. असला कारखाना कोणी मागू नये. परंतु आपले सरकार दुसऱ्याच टोकाला उभे होते. लष्कराला मोटारींची गरज असूनही, हा उद्योग युद्धकार्यास आवश्यक नाही असे त्याने ठरविले. यंत्रे आणायला डॉलर हवेत आणि जहाजात जागा हवी. दोन्ही सरकारच्या हाती. करार खिशात राहिला.

दुसरा कोणी असता तर हात बांधून बसला असता. पण अमेरिकेहून परततानाच, सॅन फ्रान्सिस्कोहून हाँगकाँगकडे येणाऱ्या विमानात, वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन विमान-उद्योजकाशी पडली होती. विमाने हिंदुस्थानात का बांधू नयेत, हा विषय आकाशातच निघाला. म्हैसूर सरकारने जमीन व भांडवल दिले आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिथे पहिले विमान तयार झाले. विमाने मात्र सरकारला हवी होती. म्हणून १९४२ मध्ये, जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या असता, सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यात घेतला. विशाखापट्टणच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी बसविली. त्या बंदरावर १९४२ च्या एप्रिलमध्ये जपानी बाँब पडले आणि कामाला खीळ बसली. तिथले पहिले जहाज ‘जलउषा’ पाण्यात उतरले ते १९४८ साली.

मोटारीला वाट मिळाली ती युद्धाच्या अखेरीस. प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना १९४४ मध्ये झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी १९४७ मध्ये बाहेर पडली, तीही क्रायस्लरच्या सुट्या भागांची जोडणीच! ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते घडविण्याचे काम नंतर टप्प्याटप्प्याने सुरू झाले. मधल्या चार वर्षांत बिर्लांची हिंदुस्थान मोटर्सही उभी राहिली होती. ती चार वर्षे हातची गेली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासाच्या तासाला विचारण्यासारखा आहे. पण सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारून भागणार नाही. पुढे परवान्यांच्या राज्यात आपल्या गाड्या वर्षानुवर्षे त्याच राहिल्या आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून बसले.

वालचंदांना १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्या वर्षी त्यांनी कारभार सोडला. गुजरातेत सिद्धपूर येथे पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. तेथेच ८ एप्रिल १९५३ रोजी ते वारले. कारखाना बंधू लालचंद यांनी सांभाळला. तोवर क्रायस्लरच्या जोडीला इटलीच्या फियाटशी करार झाला होता. त्या करारातली ‘अकराशे’ १९५४ मध्ये कुर्ल्यात तयार होऊ लागली. हिच्याच पुढच्या अवताराला १९७० नंतरच्या दशकात ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले.