मेबल आरोळे
डॉ. मेबल रजनीकांत आरोळे (१९३५–१९९९) या ग्रामीण आरोग्यशिक्षणाचे कार्य उभारणाऱ्या भारतीय डॉक्टर होत. वेल्लोर येथे वैद्यकीय आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० साली त्यांनी पतीसह धाराशिव जिल्ह्याच्या सीमेलगतच्या दुष्काळी जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत रमेनात, तेव्हा गावांनीच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना त्यांनी शिकवण्यास घेतले. त्यांत अनेक दलित होत्या. दर आठवड्याला जामखेडला येऊन या स्त्रिया बाळंतपण, लसीकरण, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी यांचे ज्ञान गावी नेत. शिवाशीव पाळणाऱ्या घरांनाही कालांतराने त्यांना उंबरठ्याआत घ्यावे लागले. हे यश औषधोपचाराहून कमी मोलाचे नाही. १९७९ साली आरोळे दांपत्यास रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.