रखमाबाई राऊत

डॉ. रखमाबाई (२२ नोव्हेंबर १८६४, मुंबई – २५ सप्टेंबर १९५५, मुंबई) या स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत आयुष्य घालवलेल्या आद्य भारतीय स्त्री डॉक्टरांपैकी एक होत. बालपणी झालेला विवाह मान्य करण्यास त्यांनी न्यायालयात दिलेला नकार अधिक प्रसिद्ध आहे. त्या मानाने त्यांच्या वैद्यकीय कार्याची नोंद कमी घेतली गेली.

जन्म व बालपण

रखमाबाईंच्या आई जयंतीबाई यांचा विवाह चौदाव्या वर्षी झाला, पंधराव्या वर्षी त्यांना मुलगी झाली आणि सतराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहास मुभा होती. पती जनार्दन पांडुरंग यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी विवाह केला व वडिलांची मालमत्ता मुलीच्या नावे केली. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत ते व डॉ. आत्माराम पांडुरंग हे दोघेच भारतीय होते.

गिरगावातील या घरात पुस्तके व सुधारक मंडळींचा राबता दोन्ही होते. तरीही रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी, १८७६ मध्ये, दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. सुधारकांच्या घरांतही त्या काळी असेच चाले. दादाजींनी सासरेबुवांच्या आश्रयाने शिक्षण घ्यावे असे ठरले होते. ते त्यांनी घेतले नाही. पुढे रखमाबाई वयात आल्यावर गर्भाधानाची मागणी झाली, तेव्हा सखाराम अर्जुन यांनी डॉक्टर या नात्याने तिला नकार दिला. कोवळ्या शरीरावर लादलेल्या मातृत्वाचे परिणाम त्यांना व्यवसायामुळे ठाऊक होते. रखमाबाई आईकडेच राहिल्या, मिशनच्या ग्रंथालयातील पुस्तके आणून घरी वाचू लागल्या आणि आईसोबत प्रार्थना समाज व आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागल्या.

दादाजी भिकाजी खटला

पत्नी नांदावयास येत नाही म्हणून दादाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी फिर्याद केली. सप्टेंबर १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी ती फेटाळली. समजत्या वयात न झालेल्या आणि पुढे सहवासातही न आलेल्या विवाहासाठी प्रौढ स्त्रीवर सक्ती करण्यास कायद्यात आधार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या अर्थाच्या इंग्रजी टोपणनावाने बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे प्रसिद्ध झाली. ती रखमाबाईंची होती. सखाराम अर्जुन यांचे निधनही १८८५ मध्येच झाले.

अपिलात खटला फेरसुनावणीसाठी परत पाठवला गेला. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जाण्याचा अथवा सहा महिने तुरुंगवास भोगण्याचा आदेश दिला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. बेहरामजी मलबारी यांनी त्यांची बाजू उचलून धरली, तर टिळकांच्या ‘केसरी’ने त्यांच्यावर कडक टीका केली. व्हिक्टोरिया राणीने हा निकाल रद्द केला, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. प्रत्यक्षात जुलै १८८८ मध्ये दादाजींनी २,००० रुपये घेऊन दावा सोडला आणि प्रकरण तडजोडीने मिटले. विवाहाच्या वैधतेचा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला. या खटल्याने पेटलेल्या चर्चेचा १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागे मोठा वाटा होता. त्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षे केले.

वैद्यकीय शिक्षण

मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना वैद्यकाकडे वळवले. एडिनबरा विद्यापीठात स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी झगडलेल्या सात विद्यार्थिनींपैकी पीची या एक होत्या. त्यांनी रखमाबाईंच्या शिक्षणासाठी निधी उभा करण्यास मदत केली. इंदूरचे शिवाजीराव होळकर यांनी ५०० रुपये दिले. १८८९ मध्ये रखमाबाईंनी लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत प्रवेश घेतला. लंडनमध्ये ईवा व वॉल्टर मॅक्लॅरन या दांपत्याचा त्यांना आधार मिळाला. रुग्णालयातील प्रत्यक्ष शिक्षण रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये झाले.

१८८६ च्या ब्रिटिश कायद्यानुसार डॉक्टर म्हणून नोंदणी होण्यासाठी वैद्यक, शल्यक्रिया आणि प्रसूतिशास्त्र या तिन्ही विषयांत उत्तीर्ण होणे सक्तीचे होते. त्यामुळे भारतात जे काम परंपरेने सुईणीच्या अनुभवावर सोपवलेले होते, त्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण रखमाबाईंना मिळाले. १८९४ मध्ये त्यांनी एडिनबरा व ग्लासगो येथील वैद्यकीय संस्थांची संयुक्त परीक्षा दिली आणि पुढे ब्रुसेल्सची एम. डी. ही पदवी मिळवली. त्यांना कित्येकदा पहिली भारतीय स्त्री डॉक्टर म्हटले जाते, ते बरोबर नाही. आनंदीबाई जोशी व कादंबिनी गांगुली यांनी १८८६ मध्येच पात्रता मिळवली होती; मात्र आनंदीबाईंचे १८८७ मध्ये निधन झाल्याने त्यांना व्यवसाय करता आला नाही.

सुरत व राजकोट

मुंबईस परतल्यावर रखमाबाईंनी काही काळ कामा रुग्णालयात काम केले व १८९५ मध्ये सुरतेच्या स्त्री-रुग्णालयाची सूत्रे स्वीकारली. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेणे त्या काळच्या बहुतेक स्त्रियांना अशक्य होते. बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीतच होई, आणि अडलेल्या बाळंतिणीलाही रुग्णालयात नेण्यास घरचे कचरत. अशा समाजात त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ सुरतेत काढला. १९१८ मध्ये विमेन्स मेडिकल सर्व्हिसमधील पद नाकारून त्या राजकोटच्या स्त्री-रुग्णालयात गेल्या. एकूण सुमारे पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर त्या निवृत्त होऊन मुंबईस आल्या.

१९०४ मध्ये दादाजींचे निधन झाल्यावर रखमाबाईंनी विधवेची पांढरी वस्त्रे धारण केली. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

उत्तरायुष्य

निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पडदापद्धतीच्या निर्मूलनाची गरज मांडणारी इंग्रजी पुस्तिका लिहिली. मोहिनी वर्दे यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले आहे. वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्याने वधूचे किमान वय पंधरा वर्षे ठरवले व घटस्फोटाची तरतूद केली. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेची तरतूद मात्र कलम ९ मध्ये कायम ठेवली.